वाचक विचारतात : वाचनालयात जपान माहिती केंद्र

प्रश्न : पुण्यात जपानमधल्या ओकायामा शहराच्या मैत्रीखातर बाग उभी राहिली, तसं आमच्या वाचनालयातल्या बारा बाय पंधराच्या रिकाम्या खोलीत जपानची माहिती देणारं केंद्र काढायचं घाटतंय. सुरुवात कुठून करावी? – सार्वजनिक वाचनालय, सातारा जिल्हा

उत्तर : बाहुल्या, पंखे, चेरीच्या फुलांची पोस्टरं यांत पैसे घालू नका. ते बघायला माणूस एकदा येतो. दुसऱ्यांदा येतो तो त्याला पहिल्या वेळी नेमकं उत्तर मिळालं असेल तरच. म्हणून सहा जणांचं टेबल, शंभर-दीडशे पुस्तकांचं उघडं कपाट आणि माहितीचा एक फलक एवढ्यावर सुरू करा.

तुमच्याकडे सर्वांत जास्त मुलं येतील ती जपानी भाषेच्या परीक्षेची चौकशी करायला. तिच्या पातळ्यांत एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. आपल्याकडे ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, पुणे हे एक केंद्र आहे. अर्जाची मुदत मात्र परीक्षेच्या बरीच आधी संपते. नोव्हेंबरात चौकशीला आलेला मुलगा हात हलवत परत जातो, त्याचं सहा महिन्यांचं नुकसान होतं. फलकावर परीक्षेपेक्षा अर्जाची तारीख मोठ्या अक्षरात हवी. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ‘तपासले’ असं लिहून तारीख घाला आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. व्हिसाचं उत्तर तोंडी कधीही देऊ नका, थेट मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे पाठवा.

एक चूक हमखास होते. उभ्या ओळींत छापलेलं जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं. सवयीने आपल्या बाजूने उघडलं, की दाखल क्रमांकाचा शिक्का शेवटच्या पानावर बसतो आणि मुखपृष्ठ समजून मलपृष्ठावर चिठ्ठी चिकटते. शिक्का मारणाऱ्याला आधी चार पुस्तकं हाताळू द्या. तुमच्याकडचा पाऊस पाहता कपाट भिंतीपासून चार-सहा इंच पुढे ओढून ठेवा, नाहीतर ओल आणि कसर मागच्या बाजूनेच शिरते.

प्रश्न : जपानमधले एक स्नेही पुस्तकं आणि थोडी रक्कम पाठवायला तयार आहेत. आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे. एवढं पुरे ना? – कोषाध्यक्ष, सांगली

उत्तर : पुरे नाही, आणि नव्या केंद्रांना सर्वांत महागात पडते ती हीच समजूत. परकीय नागरिकाने किंवा संस्थेने दिलेली देणगी २०१०च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली येते. तो ‘एफसीआरए’ या नावाने ओळखला जातो. देणगी वस्तुरूपात असली तरी सुटका नाही, म्हणजे पुस्तकंसुद्धा आली. पाच वर्षांच्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. तुमचं काम एवढं जुनं नसेल तर पूर्वपरवानगीचा मार्ग आहे. कोण, किती आणि कशासाठी देणार याचं देणगीदाराचं पत्र घ्या आणि केंद्रीय गृहमंत्रालयाकडे ऑनलाइन अर्ज करा. २०२०च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. परवानगी हातात पडेपर्यंत पैसे आणि खोकी, दोन्ही तिकडेच थांबवा. अध्यक्षांच्या घरी त्यांच्या नावाने मागवून मग केंद्रात मांडणं, ही पळवाट अजिबात धरू नका.

परदेशातल्या मराठी मंडळींकडून मदत घेताना पासपोर्ट कोणता, हे आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या, म्हणजे ओसीआय कार्डधारकाची ठरते.

प्रश्न : उद्घाटनाला दोन्ही देशांचे ध्वज कसे लावावेत? – शिक्षिका, चिपळूण

उत्तर : वेगवेगळ्या काठ्यांवर, सारख्या उंचीवर, सारख्या आकाराचे. तिरंगा समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. दोन्ही ध्वजांचं प्रमाण तीनास दोन असल्याने माप जुळवणं सोपं जातं. जपानी ध्वज शिवून घेणार असाल तर लाल वर्तुळाचा व्यास उंचीच्या तीन पंचमांश ठेवा. दोन फूट उंचीला तो साधारण साडेचौदा इंच भरतो. अंदाजाने कापलं की वर्तुळ लहान होतं आणि जपानी पाहुण्यांच्या ते लगेच लक्षात येतं.

प्रश्न : पाहुण्यांना मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप द्यायचं आहे, पण निम्मी मंडळी शाकाहारी आहेत. चालेल का? – गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : भाज्या घातल्या म्हणून ते शाकाहारी होत नाही. त्याचं मूळ पाणी, ‘दाशी’, बहुधा सुकवलेल्या कुपा माशाच्या किसापासून करतात. तुम्ही कोंबू या समुद्री वनस्पतीची दाशी करा. एक लिटर पाण्याला १० ग्रॅम कोंबू घ्या. तो धुऊ नका, कोरड्या फडक्याने हलकेच पुसा, कारण वरच्या पांढऱ्या पुडीतच चव असते. अर्धा तास भिजवून मंद आचेवर ठेवा आणि उकळी फुटायच्या आत काढून घ्या. उकळला तर पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं. मिसो गॅस बंद केल्यावर, वाटीला एक मोठा चमचा या हिशेबाने, पळीत थोडं पाणी घेऊन विरघळवून घाला. विकत घेताना डब्यावरचं लेबल वाचा. काही मिसोत माशाची दाशी आधीच मिसळलेली असते.