चार्ट राहू दे, आधी तांबट ऐकवा

प्रश्न : ताई, माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिच्यासाठी जगातल्या पक्ष्यांचा मोठा चार्ट आणला. दोन दिवस पाहिला, आता ढुंकूनही बघत नाही. एवढे पक्षी तिला कसे ओळखायला लावू?
– एक आई, निपाणी

उत्तर : चार्टवर शहामृग आणि चिमणी एकाच मापाचे असतात, तिथंच सगळं बिघडतं. खानापुरात माझ्या बालवाडीत मी मुलांच्या एका हातात कोंबडीचं अंडं देते आणि दुसऱ्या हातात दीड किलो तांदळाची पिशवी. शहामृगाचं एक अंडं साधारण त्या पिशवीएवढं भरतं! मग तळहातावर रुपयाचं नाणं. क्युबातला सगळ्यात छोटा हमिंगबर्ड त्याहूनही हलका, जेमतेम 2 ग्रॅमचा. पेंग्विनच्या दिवशी पायांवर चेंडू ठेवून चालायचं. अंटार्क्टिकातल्या हिवाळ्यात सम्राट पेंग्विनचा बाप दोन महिने असंच पायांवर अंडं सांभाळतो, तेही उपाशी राहून. ‘मग आई कुठं गेली?’ हा प्रश्न हमखास येतो. ती समुद्रावर मासे खायला गेलेली असते, पिल्लासाठी पोट भरून परत येते.

जगात पक्ष्यांच्या सुमारे 11,000 जाती आहेत. त्या पाठ करून घेऊ नका, आठवड्याला एक पक्षी पुरे. आणि सुरुवात आपल्याकडच्या पक्ष्यापासूनच करा, असं माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यात वडा-पिंपळावर तांबट ‘टुक टुक’ करत बसतो. हिरव्या पानांत तो पटकन सापडत नाही, म्हणून लेकीलाच शोधू द्या. मग दक्षिण अमेरिकेतल्या टूकानचं चित्र काढा. एवढी थोरली चोच पाहून तो आपल्या भीमगडच्या रानातल्या धनेशाचा भाऊ वाटतो, पण खरा भाऊबंद तांबटाचा! मुलांना ही नाती फार आवडतात.

ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरले की पृथ्वीचा गोल घेऊन बसा. त्या मध्य आशियाकडून येतात, बोटानं वाट दाखवा. थंडीत एखाद्या रविवारी पहाटेच निघून घटप्रभेच्या धुपदाळ बंधाऱ्यावर जा. तिथं हिमालय ओलांडून कांड्या करकोचे येतात. दुर्बीण या वयात हाताळता येत नाही, ती नेऊ नका. करकोचे मोठे असतात, नुसत्या डोळ्यांनीही छान दिसतात.