आईच्या मणक्यात स्क्रू घालायचे का?

प्रश्न : आई ६३ वर्षांची, मिरजेजवळच्या खेड्यात राहते. वर्षभर चालताना तिचे दोन्ही पाय भरून येतात. देवळापर्यंत जाताना तीनदा बसावं लागतं. चौथा मणका पाचव्यावर सरकलाय आणि नस दबलीय, असं एमआरआयमध्ये आलं. डॉक्टर स्क्रू-रॉड घालून मणके जोडायला सांगतात. गावात म्हणतात, मणक्याला सुरी लागली की माणूस अंथरुणाला खिळतो. दहा वर्षांनी काय होईल? तिला चुलीपुढे बसता येईल का?

उत्तर : तुमच्या पत्रात मला एमआरआयपेक्षा ते तीनदा बसणं महत्त्वाचं वाटलं. बसल्यावर चार-पाच मिनिटांत पाय हलके होतात ना? उभं राहिलं की मणक्यातली नळी आवळते, बसलं किंवा वाकलं की थोडी मोकळी होते. पायांच्या अशा दुखण्याला ऑपरेशनचा गुण चांगला येतो. तक्रार नुसत्या कंबरेची असती तर मी थांबा म्हणालो असतो. तीस वर्षांच्या कामात मला खंत आहे ती त्याच रुग्णांची. झिजलेली गादी दिसली म्हणून मी स्क्रू घातले, एक्स-रे सुरेख आला आणि दुखणं जागेवरच राहिलं. झीज तर पन्नाशीनंतर बहुतेकांच्या एमआरआयत दिसते.

लुळेपणाची भीती समजते. पण मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. चौथ्या-पाचव्यापाशी फक्त सुट्या नसा असतात. एखादी दुखावली तर पाऊल लुळं पडू शकतं, दोन्ही पाय जाणं फार विरळा. जंतुसंसर्ग, नसांभोवतीचं आवरण फाटणं, पायात रक्ताची गुठळी हे धोके मात्र खरे आहेत. मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणा.

आता मुख्य मुद्दा. नस मोकळी करणं आणि मणके जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं प्रत्येकाला लागतंच असं नाही. २०१६ साली स्वीडनमधल्या २४७ रुग्णांचा अभ्यास आला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचा मणका सरकलेला होता. जोडणी केलेले आणि नुसती नस मोकळी केलेले दोन वर्षांनी सारखेच होते. २०२१ मध्ये नॉर्वेतल्या २६७ सरकलेल्या मणक्यांच्या रुग्णांतही नुसती नस मोकळी करणं कमी पडलं नाही. उलट २०१६ मध्येच अमेरिकेतल्या ६६ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात, जोडणी न केलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना चार वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागलं, जोडलेल्यांपैकी १४ टक्क्यांना. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, 'हा मणका हलतो का?' एमआरआय झोपवून काढतात, त्यात ते नीट कळत नाही. उभं राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले एक्स-रे पाहिजेत. हलत नसेल तर नुसती नस मोकळी करून भागेल का, हे दुसऱ्या मणकातज्ज्ञालाही विचारून घ्या.

दहा वर्षांचं म्हणाल तर स्क्रू हा हाड जुळेपर्यंतचा टेकू. जुळायला सहा महिने ते वर्ष जातं. जुळलं नाही तर स्क्रू सैल होतात, तुटतातही. आई मिश्री लावते का? हे मी प्रत्येक बाईला विचारायचो आणि निम्म्या वेळा मुलांना माहीतच नसायचं. तंबाखू ओढा नाहीतर हिरड्यांना चोळा, निकोटिन हाड जुळू देत नाही. हाडांची घनताही तपासा. पोकळ हाडात स्क्रू धरत नाही. दुसरं म्हणजे जोडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या सांध्यावर ताण येतो. २००४ च्या एका अमेरिकी अभ्यासाचा अंदाज होता की दहा वर्षांत सुमारे ३६ टक्के लोकांना तिथे नव्याने ऑपरेशनजोगा त्रास होईल. नंतरच्या काही अभ्यासांत आकडा कमी आला, पण शक्यता धरूनच चला.

हे सगळं तपासून, विचारून होईपर्यंत ऑपरेशनची घाई नाही. मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि चूल. मांडी घालणं हे मुख्यतः खुब्याचं काम, त्यामुळे एकच सांधा जोडला तर बरेच जण पुढे खाली बसू शकतात. पहिले तीन महिने मात्र नाही. भाकरी थापताना तासभर पुढे वाकून राहणं मला नंतरही नको वाटतं. चूल ओट्यावर घेण्याचं आईशी आत्तापासूनच बोला.