मालवणहून ओरोसला ड्रायव्हिंग टेस्टला जायचंय, कागदपत्रं आणि स्कूटर कशी तयार ठेवू?

शिकाऊ लायसन्सला 30 दिवस झालेत ना, ते आधी बघा. ते चालतं 6 महिनेच. शिकाऊ लायसन्सची मूळ प्रत, अपॉइंटमेंटची पावती, आधार आणि ज्या गाडीवर टेस्ट देणार तिचं आरसी (नोंदणीपत्र), विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) सोबत घ्या. बहुतेकांचं इथेच अडतं: गाडी काकांची आणि पीयूसी कधीचीच संपलेली. आदल्या आठवड्यात तारखा वाचा.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ब्रेकच्या केबल गंजतात, इंडिकेटरची बटणं अडकतात. पावसाळाभर पडवीत उभी असलेली स्कूटर तर हमखास दगा देते. म्हणून दोन दिवस आधी मेकॅनिकला दाखवा, ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो का तेही बघा. पुढे-मागे लाल ‘एल’ लावा. हेल्मेट विसरू नका. घाटीतून स्वतः चालवत जाणार असाल, तर पक्कं लायसन्स असलेलं कुणीतरी मागे हवंच.