दोन भाषा जाणणाऱ्या मेंदूत शब्दांचे दोन वेगळे कप्पे असतात का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: दोन भाषांचे शब्द मेंदूत वेगवेगळे साठवलेले असतात का, दुसरी भाषा बोलताना मनात पहिलीतून भाषांतर चालू असते का, आणि भाषा बदलताना किंवा नेमका शब्द शोधताना अडखळायला का होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण उरलेल्या दोन्हींची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. कप्पे वेगळे नसतात, आणि एक भाषा वापरात असताना दुसरी पूर्णपणे बंदही होत नाही.

पूर्वी याच्या उलट मानले जाई. मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी तर १९५९ मध्ये अशी कल्पना मांडली होती की, एक भाषा सुरू होताच दुसरी बंद करणारी एखादी कळ मेंदूत असावी. कल्पना सुटसुटीत होती, पण प्रयोगांत ती टिकली नाही. मायकल स्पायव्ही आणि व्हियोरिका मारियन यांनी १९९९ मध्ये रशियन व इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या लोकांसमोर काही वस्तू मांडल्या आणि सूचना ऐकताना त्यांची नजर कोठे वळते हे यंत्राने टिपले. सूचना रशियनमध्ये होती आणि ती पोस्टाच्या तिकिटाविषयी होती. तिकिटाला रशियनमध्ये ‘मार्का’ म्हणतात. समोरच्या वस्तूंत एक मार्करही होता, आणि शब्दाचा सुरुवातीचा उच्चार कानावर पडताच ऐकणाऱ्यांची नजर त्या मार्करकडे इतर असंबद्ध वस्तूंपेक्षा अधिक वेळा जात होती. मार्कर हा इंग्रजी शब्द त्या क्षणी कोणीही उच्चारलेला नव्हता. याचा अर्थ, कानावर आलेला ध्वनी कोणत्या भाषेतला आहे हे आधी ठरवून मग त्याच भाषेत शब्द शोधायचा, असा क्रम मेंदू पाळत नाही. जुळू शकणारे सगळे शब्द, मग ते कोणत्याही भाषेतले असोत, एकदमच जागे होतात आणि त्यांच्यातून एकाची निवड होते.

येथे उच्चारांत साम्य होते, म्हणून असे झाले असेल, अशी शंका कोणीही घेईल. गिलॉम थिएरी आणि यान जिंग वू यांचा २००७ मधला प्रयोग मला म्हणूनच अधिक महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी उत्तम येणाऱ्या चिनी लोकांना त्यांनी इंग्रजी शब्दांच्या जोड्या दाखवल्या आणि दोन शब्दांच्या अर्थांत काही संबंध आहे का, एवढेच विचारले. त्यांतल्या काही जोड्या अशा होत्या की त्या शब्दांच्या चिनी प्रतिशब्दांत एक अक्षरचिन्ह समान होते. उदाहरणार्थ, आगगाडी म्हणजे ‘हुओ-चे’ आणि डुकराच्या मांडीचे खारवलेले मांस म्हणजे ‘हुओ-तुई’. उत्तर देण्याच्या वेगावर या छुप्या साम्याचा काहीच परिणाम झाला नाही आणि प्रयोगात चिनी भाषेचा काही संबंध आहे याची त्या लोकांना जाणीवही नव्हती. पण डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांनी नोंदलेल्या विद्युतलहरीत, शब्द दिसल्यानंतर साधारण ४०० मिलिसेकंदांच्या सुमारास उमटणाऱ्या आणि अर्थबोधाशी निगडित मानल्या जाणाऱ्या भागात, फरक स्पष्ट दिसला.

म्हणजे इंग्रजी वाचताना चिनी शब्दही नकळत जागे होत होते, असा निष्कर्ष यातून निघतो. त्यावर एक गंभीर आक्षेप आहे. आल्बर्ट कोस्टा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असे मांडले की दुसरी भाषा शिकत असतानाच पहिल्या भाषेतील शब्दांचे आपापसांतील संबंध तिच्यात रुजून बसत असतील, आणि तसे असेल तर वाचतेवेळी पहिली भाषा जागी होण्याची गरजच नाही. युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे; तरीही नजरेच्या प्रयोगाचा उलगडा त्याने सहज होत नाही, असे माझे मत आहे.

आता भाषांतराविषयी. ज्युडिथ क्रोल आणि एरिका स्टुअर्ट यांच्या १९९४ च्या मांडणीनुसार, अर्थ दोन्ही भाषांना सामाईक असतो, पण नवशिक्याला दुसऱ्या भाषेतील शब्दाकडून अर्थाकडे जाताना पहिल्या भाषेतील शब्दाचा आधार घ्यावा लागतो. प्रभुत्व वाढते तसा अर्थाशी थेट संबंध बळकट होतो. म्हणजे सफाईने बोलणारा माणूस वाक्ये मनात भाषांतरित करीत नसतो. वर सांगितलेली जागृती आपोआप आणि नकळत होते. तिला भाषांतर म्हणणे बरोबर नाही.

दोन्ही भाषा जाग्या असतील तर बोलताना नको असलेली भाषा दाबून धरावी लागणार, हे ओघानेच आले. डेव्हिड ग्रीन यांनी १९९८ मध्ये हा विचार व्यवस्थित मांडला. पुढच्याच वर्षी रेनाटा म्यूटर आणि ॲलन ऑलपोर्ट यांनी लोकांना, पार्श्वभूमीच्या रंगानुसार, समोरचा अंक कधी पहिल्या तर कधी दुसऱ्या भाषेत वाचायला लावला. भाषा बदलताना वेळ जातो हे अपेक्षितच होते, पण अधिक वेळ लागला तो आपल्या प्रबळ भाषेकडे परतताना. अवघड भाषेकडे वळणे जड जाईल असे कोणालाही वाटेल. मात्र प्रबळ भाषा अधिक जोराने दाबावी लागते आणि म्हणून ती मोकळी व्हायलाही अधिक वेळ लागतो, हे लक्षात घेतले की या उलट्या दिसणाऱ्या निकालाचा अर्थ लागतो. या नियंत्रणात कपाळामागचा मेंदूचा भाग आणि मेंदूत खोलवर असलेला कॉडेट न्यूक्लियस नावाचा भाग यांचा सहभाग आढळला आहे.

नेमका शब्द जिभेवर येऊन अडकणे मात्र केवळ या दडपणामुळे होत नसावे. द्विभाषिकांना हा अनुभव एकभाषिकांपेक्षा अधिक वेळा येतो, आणि तामार गोलान यांचे स्पष्टीकरण असे की त्यांचे बोलणे दोन भाषांत विभागले गेल्याने प्रत्येक शब्द तुलनेने कमी वेळा वापरला जातो व त्याची वाट तेवढी रुळत नाही. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलेली एक गोष्ट या स्पष्टीकरणाला बळ देते: व्यक्तींची नावे सहसा दोन्ही भाषांत तीच राहतात, आणि ती आठवताना द्विभाषिक व एकभाषिक सारख्याच प्रमाणात अडखळतात.