विद्यापीठात मॅपिंग केंद्र सुरू करताय? आधी माणूस नेमा

महागड्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांची घाई करू नका. क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) आणि पोस्टजीआयएस (नकाशांचा डेटा साठवायचं) फुकट आहेत, विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकड्यांना तेवढं पुरतं. उपग्रहचित्रंही मोफत मिळतात: लँडसॅट उपग्रहांची १९७२पासूनची, सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरपर्यंत तपशील दाखवणारी. पैसा घाला तो पूर्णवेळ तंत्रज्ञावर. तो नसेल, तर वर्षभरात सर्व्हरवरची कुठली फाइल कोणाची आणि कुठल्या निर्देशक प्रणालीत (नकाशावरची जागा आकड्यांत सांगायच्या पद्धतीत) आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. स्रोत, तारीख, प्रणाली यांची नोंद नसलेला डेटा घ्यायचाच नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा. प्राध्यापकांनाही तो लागू (टाळाटाळ तेच जास्त करतात!). विद्यार्थ्यांना मोबाइल घेऊन बाहेर पाठवा, आवाराचा ओपनस्ट्रीटमॅपवरचा (कुणालाही सुधारता येणाऱ्या मोफत ऑनलाइन नकाशावरचा) नकाशा त्यांनाच सुधारू द्या. आणि संशोधन भूगोल विभागापुरतं ठेवू नका. आरोग्य, शेतीवाल्यांना सुरुवातीपासूनच सोबत घ्या.