‘ॲफ्ल्युएंट’ आणि ‘एफ्ल्युएंट’: आवक कोणती, जावक कोणती?

वाळूज औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, त्यांच्या कारखान्यातील सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या पाटीवर ‘ॲफ्ल्युएंट ट्रीटमेंट प्लांट’ असे रंगवलेले आहे, कागदपत्रांत मात्र ‘एफ्ल्युएंट’ असते. यांतले बरोबर कोणते, आणि ‘ॲफ्ल्युएंट’ म्हणजे तर श्रीमंत ना?

कागदपत्रे बरोबर आहेत. पाटीवरची चूक सहज होण्यासारखी आहे, कारण दोन्ही शब्द ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणे या एकाच लॅटिन धातूपासून आलेले असून त्यांच्यातला भेद केवळ उपसर्गाचा आहे: एकात ‘कडे’ या अर्थाचा ‘आद्’, तर दुसऱ्यात ‘बाहेर’ या अर्थाचा ‘एक्स’. ‘उद्’ आणि ‘लंघन’ यांचे ‘उल्लंघन’ होताना जसा ‘द्’चा ‘ल्’ होतो, तसेच या उपसर्गांचे शेवटचे व्यंजन पुढच्या ‘फ’सारखे झाले. भेद दाखवायला पहिला स्वर तेवढा उरला, आणि घाईच्या बोलण्यात तोही पुसट होतो.

आपल्या मोंढ्यातली ‘आवक’ आठवावी. वाहत आपल्याकडे येते ते ‘ॲफ्ल्युएंट’. म्हणून जुन्या इंग्रजी भूगोलग्रंथांत उपनदीलाही हा शब्द लावलेला आढळतो. त्या भाषेत सिंदफणा ही गोदावरीची ‘ॲफ्ल्युएंट’ होय, आणि माजलगाव तालुक्यात मंजरथला त्या दोघी मिळतात तो ‘कॉन्फ्लुअन्स’, म्हणजे एकत्र वाहणे, संगम. ज्याच्याकडे धन वाहत येते तो संपन्न, हा अर्थ या आवकेतूनच निघाला आणि आज तोच रूढ आहे. ‘एफ्ल्युएंट’ ही जावक: बाहेर सोडलेले पाणी.

पाटीपाशी उभे राहिल्यावर मात्र एक खरी अडचण येते. कारखान्यातून निघालेले ‘एफ्ल्युएंट’ तर नळावाटे या केंद्रात शिरताना दिसते, मग ते जावक कसे? शिरणाऱ्या पाण्याला तिथले लोक ‘इन्फ्ल्युएंट’ म्हणतात आणि प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याला पुन्हा ‘एफ्ल्युएंट’. अडत्याची जावक ती व्यापाऱ्याची आवक, तसेच हे आहे: पाणी तेच, आपण कोणत्या तोंडाशी उभे आहोत त्यावरून त्याचे नाव ठरते. केंद्राच्या नावात कारखान्याची बाजू धरलेली आहे, म्हणून तिथे ‘ए’च हवा.

याच वाचकाने ‘फ्लो’ हा शब्दही ‘फ्लुएरे’चाच असावा, असा तर्क केला आहे. ध्वनी आणि अर्थ इतके जवळ असताना तसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु ‘फ्लो’ हा इंग्रजीचा मूळचा जर्मानिक शब्द असून त्याचे नाते लॅटिन ‘फ्लुएरे’शी नाही, तर आपल्या ‘जलप्लावन’ शब्दातल्या ‘प्लु’ या संस्कृत धातूशी आहे.