जुन्या पिकअपच्या एका दाराचं पॉवर लॉक चालत नाही, अ‍ॅक्च्युएटर (लॉक सरकवणारी छोटी मोटर) घरी बदलता येतो का?

येते नं भाऊ, तासा-दीड तासाचं काम आहे. बाकी दारं चालून राह्यली अन एकच मुकं असंल तर फ्यूज बहुतेक ठीक आहे, पण आधी दार अन पिलरच्या (दार ज्याला टांगलं असते त्या गाडीच्या खांबाच्या) मधातल्या रबरी नळीतली वायर पाहा, दार उघडझाप करून करून तिथंच तुटते ती.

मग काच पूर्ण वर करा, हँडल-आर्मरेस्टचे स्क्रू काढून पॅनल खालून हळू ओढा. आपल्या नागपूरच्या उन्हानं जुन्या क्लिपा पापडासारख्या झाल्या असतात, चार-सहा नव्या आणूनच ठेवा. आतली प्लॅस्टिक शीट फाडू नका, नाहीतर पावसात पाणी आत येते.

अ‍ॅक्च्युएटर दोन वायरवाला असंल तर प्लग काढून 12 व्होल्टवर क्षणभर टेकवा, वायरी उलटवल्या की रॉड उलटा सरकला पाहिजे, नाही सरकला तर गेला तो. ड्रायव्हर साइडला बहुतेक पाच वायरी असतात, म्हणून जुना पीस सोबत घेऊनच दुकानात जा.

नवा बसवल्यावर दार उघडंच ठेवून लॅच (दार पकडून ठेवणारी कडी) स्क्रूड्रायव्हरनं दाबून दोन-चारदा लॉक-अनलॉक करा. मी घाईत हे न पाहता दार तसंच लावलं होतं, रॉड अडकला अन दुसऱ्या दारातून घुसून तो सोडवता सोडवता घाम फुटला राजा.